फुईच्या हाताएवढं खापर

फुई गेली त्या दिवशी मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. दिलीपचा फोन आला. "आई गेली. मी पुण्याहून निघतो, तू पुढे हो," तो म्हणाला. मी कपाटांना कुलूप लावलं, शहाद्याच्या स्टँडवर आले आणि कळसाडीला जाणाऱ्या गाडीत बसले.

आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण, दिलीप तिचा एकुलता एक मुलगा. मी पोचले तेव्हा ती ओट्यावर भिंतीला टेकलेली होती. मांडीवर सूप, सुपात निम्मे पाखडलेले गहू. शेजारच्या इंदूमायने तिला तसंच बसू दिलं होतं, फक्त डोळे मिटले होते. या दोघी लग्न होऊन आल्यापासून भिंतीला भिंत लावून राहिल्या आणि एकमेकींशी कधी सरळ बोलल्या नाहीत. मला पाहून इंदूमाय म्हणाली, "देख, मरतांना बी दाना सांडू दिधा नई. मरनी ती बी तोरामा." मग तिने पदर तोंडाला लावला… तो बराच वेळ काढला नाही.

तिसऱ्या दिवशी गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. दिलीपच्या गावाकडच्या मित्रांनी लावला होता. आधार कार्डावरचा तिचा फोटो मोठा केलेला, मागे कुठल्या तरी परदेशातला धबधबा, कडेने गुलाबाच्या पाकळ्या आणि खाली छापलेलं, 'प्रेमळ, मनमिळाऊ, सोशिक यशोदाबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' यशोदाबाई एवढंच त्यात खरं होतं. फुई प्रेमळ नव्हती. मनमिळाऊ तर नव्हतीच. आणि तिने कोणाचं काही सोसल्याचं मला आठवत नाही, लोकांनीच तिला सोसलं. हे मी तिची निंदा म्हणून लिहीत नाही. तुच्छता हा तिचा स्वभाव होता आणि ती तिने अस्थानी कधी वापरली नाही. मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायचं म्हणून तिचा हा एकमेव खरा गुण पुसून टाकायचा आणि त्या जागी दुकानात तयार मिळणारे तीन शब्द चिकटवायचे, हे तिच्या बाबतीत झालं म्हणून मी लिहायला बसले आहे.

तिचा राग वस्तूंवर असे. म्हणजे माणसांवरही असे, पण माणसांपर्यंत ती वस्तूंच्या वाटेने पोचायची. कोणाकडेही गेली आणि हातात चहा आला की ती आधी बशी वर उचलून खालून पाहायची. "वस्तूनं तोंड नको देखू, बूड देख," हे ती मला मी शाळेत असल्यापासून सांगत आली. तोंड सगळेच सजवतात, बूड नीट करायला करणाऱ्याची नियत लागते, असा त्याचा अर्थ मी मोठेपणी लावला. तिने अर्थ वगैरे कधी सांगितला नाही. दिलीपसाठी पहिल्यांदा मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा तिने सोनेरी कडेचा कप उचलून त्याचं बूड पाहिलं, कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "येनामा चहा पेवाना का फोटो काढाना?" ते लग्न जमलं नाही. परतताना गाडीत माझे वडील तिला खूप बोलले. ती खिडकीतून केळीच्या बागा पाहत बसली आणि शेवटी एवढंच म्हणाली, की ज्या घरात कपाचा कान बोटात मावत नाही त्या घरात मुलगी देखील पाहुण्यांसाठीच ठेवलेली असणार. हे अन्यायाचं बोलणं होतं, पण कपाचा कान खरोखरच बोटात मावत नव्हता.

लग्नातल्या भेटवस्तूंवर तिचा विशेष दात होता. आमच्या भागात लग्नाला गेलं की लेमन सेट द्यायचा, भिंतीवरचं घड्याळ द्यायचं, नाहीतर पोटात दिवा लागणारं ताजमहालासारखं काहीतरी. दिलीपच्या लग्नात आलेली अशी खोकी तिने न उघडता माळ्यावर टाकली आणि पुढे जिथे लग्न असेल तिथे एकेक देऊन टाकली. त्यातला एक लेमन सेट काही वर्षांनी तिच्याकडेच परत आला, पुतण्याच्या वास्तुशांतीचा परतीचा आहेर म्हणून. खोक्याच्या तळाला माझ्या काकांच्या नावाची चिठ्ठी तशीच होती. त्यात एकदाही सरबत झालेलं नव्हतं. फुई तो सेट मांडीवर घेऊन ओट्यावर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागली. "हाऊ सेट मन्हापेक्षा जास्त गाव फिरी वना. येले तिकीट लागत नई." दिवसभर तिचा हा खेळ चालला होता. संध्याकाळी तिने तो पुन्हा माळ्यावर ठेवला. फोडला नाही. फोडण्याइतकीही त्याची लायकी नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

तिला जे आवडायचं ते तिने कधी 'सुंदर' म्हटलं नाही. तो शब्द तिने फक्त लग्नातल्या सुनांसाठी राखून ठेवला होता आणि तोही वाईट अर्थाने. तिची सर्वांत मोठी दाद म्हणजे "बराबर शे". पितळी तांब्याला ती बराबर म्हणायची, कारण त्याच्या गळ्याखाली बोटं अशी बसतात की ओल्या हातातूनही तो निसटत नाही, आणि पाणी ओतताना शेवटचा थेंब बाहेर ओघळत नाही. सूप बराबर होतं. त्याचे पट्टे तोंडाकडे रुंद होत जातात, मागे आवळत येतात, म्हणून फोलपट पुढे उडतं आणि दाणा मागे तिच्याकडे येतो. तिच्याकडे दोन अडकित्ते होते. एक मोराच्या आकाराचा, सासूकडून आलेला. दुसरा साधा, काळा, लोहाराने बनवलेला. ती साधा वापरायची. मोराच्या पिसाऱ्यात बोट अडकतं आणि सुपारी कापताना मोराकडे लक्ष जातं, असं तिचं म्हणणं. मोराचा अडकित्ता खिडकीच्या गजाला अडकवला होता, पाखरं उडवायला.

जुनं ते चांगलं असंही तिचं नव्हतं, हे मला सांगायला हवं, कारण ती गेल्यावर जे लोक तिच्या घरी येऊन "केवढ्या जुन्या वस्तू!" असं करत होते त्यांना हे कळणार नाही. दिलीपने पुण्यात नवा फ्लॅट घेतला तेव्हा ती काही दिवस तिकडे राहून आली. मनीषाने, म्हणजे तिच्या सुनेने, स्वयंपाकघरावर फार मेहनत घेतली होती. सगळं कपाटात बंद, बाहेर काही दिसायचं नाही, दारांना मुठीसुद्धा नाहीत, दाबलं की उघडतात. फुईला पहिल्या सकाळी मीठ सापडलं नाही. ती सगळी दारं दाबत हिंडली आणि मग म्हणाली, "हाई सयपाकघर शे का बँक?" मनीषा हसली, पण तिला ते लागलं. मग एका दुपारी फुई बाल्कनीत कपडे काढायला गेली आणि तिथेच राहिली. मनीषा पाहायला गेली तर ही प्लास्टिकचा कपडे वाळवायचा चिमटा हातात घेऊन उघड-मीट करत होती. त्याची दोन्ही पानं सारखीच असतात, नुसती उलटसुलट लावलेली, मध्ये तारेचा एक वेढा. खिळा नाही, चिकटवलेलं काही नाही. "हाऊ बराबर शे," फुई म्हणाली. "मनीषा, हाऊ कोनी बनाडा?" साऱ्या फ्लॅटमध्ये तिने वाखाणलेली ती एकच वस्तू. येताना ती एक चिमटा मागून घेऊन आली. मनीषा हे अजून विसरलेली नाही. माझ्याकडे तिने ही तक्रार कितीतरी वेळा केली आहे, "ताई, एवढं इटालियन डिझाइनचं किचन आणि चिमटा?" चिमटा खरोखर बराबर आहे. मी घरी येऊन पाहिला.

पण या सगळ्यांच्या वर होतं खापर. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. खापर म्हणजे मातीचं मोठं पसरट भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं, आत जाळ करायचा आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर मांडा भाजायचा. मांडा म्हणजे पुरणाची पोळी, पण ती पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत, तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत नेत वाढवतात आणि पातळ झाला की हातांवरूनच खापरावर सोडतात. तो पडतो तेव्हा त्याला एकही चुणी पडता कामा नये. हे सगळं खापराच्या पाठीवर अवलंबून असतं. ती पाठ मध्ये किंचित चपटी आणि कडेला उतरती असते, आणि तो उतार असा असतो की मांडा स्वतःच्या वजनाने बसतो, घसरत नाही. नक्षी नाही, रंग नाही, वापरून वापरून काळं पडलेलं. फुई म्हणायची, सगळ्या वस्तू बूड लपवतात, याने बूडच वर केलं.

जुनं खापर तडकलं तेव्हा मी तिच्याबरोबर शहाद्याच्या बाजारात गेले होते. मला वाटलं, ती टिचक्या मारून आवाज ऐकेल. तिने टिचक्या मारल्याच नाहीत. रस्त्याच्या कडेला उभं राहून दोन्ही हात पुढे केले, कोपरापर्यंत उघडे, आणि मला म्हणाली, "ठेव खापर वर. पालथं." मी ठेवलं. एका कोपराच्या आतल्या वळीपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत खापराची कड यायला हवी. कमी नाही, जास्त नाही. मांडा जेवढा हातावर वाढतो तेवढाच खापरावर मावला पाहिजे. मोठं खापर घेतलं तर बाई मांडा ओढून फाडते, लहान घेतलं तर तो कडेवरून लोंबतो आणि जळतो. म्हणून खापर घरात येतं ते मांडे करणाऱ्या बाईच्या हाताच्या मापाने, आणि सासूचं खापर सुनेला चालेलच असं नाही. तिने पाच-सहा खापरं अशी हातावर घेतली. बाजारातले लोक थांबून बघत होते. मग एक तिने खाली ठेवलं नाही. "बराबर शे." वाटेत माझ्या हातांकडे पाहून म्हणाली, "तुले धाकलं खापर लागी. पन तू कोठे करस! तुन्हा हात पुस्तकना शेत."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांसाठी पाण्याची घागर भरतात. तिच्यावर आंबा ठेवतात, नैवेद्य ठेवतात. फुई दर आखाजीला पहिला मांडा फुवांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, घागरीवर ठेवायची. ठेवताना त्यांच्याशी बोलायची. "ले. जिवत व्हता तवय कधी बरं म्हनना नई. आते म्हन." इंदूमाय जाळ सांभाळायला यायची आणि दोघी सकाळभर एकमेकींना घालूनपाडून बोलत मांडे करायच्या. इंदूमायच्या हाताला आता कंप आला आहे, तिचे मांडे केव्हाच बंद झाले. गावात बाकीच्यांनी विकत आणायला सुरुवात केली होती. या विकतच्या मांड्यांबद्दल फुईचं जे मत होतं त्यातलं निम्मं इथे छापता येणार नाही. ते यंत्राने लाटतात, तव्यावर भाजतात आणि चौकोनी घडी घालून प्लास्टिकमध्ये कोंबतात. त्यातला एक तिने हातात घेऊन उलटा केला होता आणि बराच वेळ पाहिला होता. "येले पाठ बी नई, पोट बी नई."

गेल्या थंडीत मी गेले तेव्हा ती बारीक झाली होती. चुलीपाशी बसून शेकत होती, मला बस म्हणाली नाही, मीच बसले. बोलता बोलता तिने एकदम सांगितलं, "मन्हा घागरवर इकतना मांडा ठेवा तं मी उठीसन चालनी जासू." मी हसले. ती हसली नाही. "दिलीप ठेवी. त्याले काय समजस? तू आखाजीले ये. शिकाडसू. मांडा येवाव नई तुले, पन ये." इतक्या वर्षांत तिने मला शिकवायचं म्हटलं ते हे पहिल्यांदा. ती आमची शेवटची भेट. आखाजी यायच्या आधी ती गेली. तेव्हा तिच्या घागरीवर काय ठेवायचं हा प्रश्न माझ्यावर येऊन पडला, आणि मला मांडा येत नव्हता.

दशक्रियेच्या दिवशी दिलीपचे चुलते, नाना, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि सुतकातली मातीची भांडी बाहेर काढा म्हणाले. तशी रीत आहे. माठ निघाला, दही लावायचं गाडगं निघालं, खापर निघालं. मी नानांना म्हटलं, खापर मला द्या, मी घेऊन जाते, मला चालेल. नाना माझ्याकडे जसं पाहायचं तसं पाहून म्हणाले, "शिकेल बाई शे तू, येडासारखं काय बोलस?" रीत ही रीत आहे, आणि फुईनेही सासूच्या वेळी हेच केलं असणार. पण त्याच वेळी मागच्या अंगणात बायका प्लास्टिकचे डबे, बादल्या, झाकणं, मनीषाने दिवाळीला पाठवलेला कोरा नॉनस्टिक तवा, सगळं विसळून पुन्हा आत आणत होत्या. प्लास्टिकला सुतक लागत नाही हे मला त्या दिवशी कळलं. खापर उकिरड्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. कोणाला फोडवलं नाही. संध्याकाळी मी निघाले तेव्हा ते तिथे नव्हतं. नेऊन सोडलं असेल पाण्यात, असं मी समजले आणि मनातल्या मनात त्याला हात जोडले.

काही आठवड्यांनी घरच्या ग्रुपवर मनीषाने फोटो टाकला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर छताला एक दिवा लोंबत होता. मला ओळखायला वेळ लागला, कारण त्याची काजळी घासून काढलेली होती. वर मधोमध भोक पाडून त्यातून वायर सोडली होती आणि सगळ्या पाठीवर पांढऱ्या रंगात नाचणारी वारली माणसं काढलेली होती. खाली लिहिलं होतं, 'आईंची आठवण, आमच्या घरात सदैव उजेड देणारी.' आणि हात जोडलेले. खाली एकामागून एक, 'अप्रतिम', 'किती छान कल्पना', 'डोळे पाणावले'. नानांनीही अंगठा दिला होता. म्हणजे खापराला लागलेलं सुतक चुलीपुरतं होतं. गाडीच्या डिकीत घातल्यावर ते फिटलं. वारली चित्रं आमच्याकडची नव्हेत, हे लिहावं असं एकदा मनात आलं, पण लिहून कोणाला काय कळणार होतं? मी तो फोटो बराच वेळ पाहत राहिले. मला खटकलं ते भोकही नव्हे, रंगही नव्हे. खापर तिथेही पालथंच होतं, त्याच्या पोटात तिथेही उजेड होता… पण वर काही पडणार नव्हतं. कोणाच्या हातांच्या मापाची ती पाठ, आता ती नुसती खाली जेवणाऱ्यांच्या डोक्यावर अधांतरी टांगलेली होती. माणसाची आठवण ठेवण्याचा आपल्याकडचा हा नवा प्रकार आहे. आधी वस्तूचं काम काढून घ्यायचं आणि मग तिला 'आठवण' म्हणायचं.

त्याच रात्री दिलीपचा फोन आला. आखाजीला येतोय म्हणाला, आईची पहिली घागर गावच्या घरातच भरू. "आणि मांड्यांचं टेन्शन घेऊ नको. इथे कोथरूडमध्ये एक जण हवाबंद पाकिटात देतो. अस्सल खानदेशी." कळसाडीला मांडे कोथरूडहून येणार होते. मी म्हटलं, बरं. फोनवर भांडायची मला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय सुटल्यावर मी कुंभाराकडे गेले. दुकानाच्या पुढच्या भागात रंगवलेल्या कुंड्या, कासवं, पाण्यावर तरंगणारे दिवे आणि नळ लावलेले माठ. खापर म्हटल्यावर त्याने मोबाइलवरून मान वर केली. "खापर कोन लेस आते? गमला ली जा बाई, रंगाडेल शे." मी मागे जाऊन पाहू का म्हटलं. मागे पोत्याखाली काही होती. मी साडीचा पदर खोचला, दोन्ही हात पुढे केले आणि त्याला म्हटलं, ठेवा वर. पालथं. त्याला वाटलं असेल बाईला काही झालंय, पण त्याने ठेवलं. पहिलं मोठं होतं, दुसरंही. मी डोळे मिटून कोपराची वळी आणि बोटांची टोकं कुठे येतात ते पाहत होते. एक बसलं. फुईच्या खापरापेक्षा ते बरंच लहान होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिचं खापर मला मिळालं असतं तरी माझा त्यावर एकही मांडा झाला नसता. हे तिला माहीत होतं, बाजारातून येताना तिने मला ते सांगितलंही होतं, आणि मी मात्र नानांपुढे हात पसरत होते. तिने ते पाहिलं असतं तर मनीषाला आणि मला एकाच सुपात पाखडलं असतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी खापर मांडीवर घेऊन मी गाडीने कळसाडीला गेले. इंदूमायकडे किल्ली होती. सकाळी मागच्या अंगणातली चूल पेटवायची तर सरपण कोरडं होतं, कारण इंदूमायने फाट्यावरचा फ्लेक्स उतरवून आणून त्यावर घातला होता, छापील बाजू आत करून. "काय करस मंग? तठे उन्हमा वाया जाई ऱ्हायनं व्हतं," ती म्हणाली. फ्लेक्सची पाठ पांढरी आणि चांगली मजबूत असते. त्यावर काही छापलेलं नसतं. ती बाजू बराबर होती.

मी खापराला तेलाचं फडकं फिरवलं, जाळ केला, पीठ तर पहाटेच भिजवलं होतं. पहिला उंडा मनगटाशीच फाटला. दुसरा कोपरापर्यंत गेला आणि तिथून जमिनीवर गेला. इंदूमाय भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीत घट्ट धरून. "इस्तव कमी कर. हात काय झाडू ऱ्हायनी, धूय नई शे ती. झुलाव." तिसरा खापरावर पडला, तीन चुण्या घेऊन. "मांडा शे का गोधडी?" फुई असती तर याहून वाईट बोलली असती, आणि मला वाटतं इंदूमायलाही ते जाणवत होतं, कारण ती थांबून थांबून, जणू दुसऱ्या कोणाची तरी पाळी आहे असं समजून, मध्ये जागा सोडत होती… त्यानंतर किती उंडे गेले मी मोजले नाहीत. मग एक पडला तो बसला. एका बाजूने जाड होता, पण चुणी नव्हती. खापराच्या कडेपर्यंत आला आणि तिथे थांबला.

दिलीप आणि मनीषा आली तेव्हा मी हात धूत होते. दिलीपने आत घागर मांडली, आंबा ठेवला, पिशवीतून पाकीट काढलं. त्यावर नऊवारी नेसलेल्या बाईचं चित्र होतं, हातात लाटणं घेतलेल्या. लाटणं! त्याने कात्री मागितली. इंदूमाय दारातून आत आली, माझ्या हातातलं ताट घेतलं आणि म्हणाली, "काढ ते पाकीट. उठीसन चालनी जाई ती." फुईचं हे बोलणं इंदूमायलाही ठाऊक होतं, दिलीपला नव्हतं. आईने ही गोष्ट त्याला सांगायच्या लायकीची मानली नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मनीषा म्हणाली, "अहो, पण हे व्हॅक्यूम पॅक आहेत, ताजेच असतात." दिलीपने पाकीट पिशवीत परत ठेवलं.

इंदूमायने तिच्या कापऱ्या हाताने माझा मांडा घागरीवर ठेवला. ठेवण्याआधी तो उलटा करून त्याची खालची बाजू पाहिली.

"बराबर नई शे," ती घागरीला म्हणाली. "पन इकतना नई शे."

दिलीप जेवायला बसला. आमरसाबरोबर त्याने एक जाड मांडा खाल्ला, मग दुसरा घेतला. "आईचा असा नसायचा," तो म्हणाला. मी म्हटलं, नसायचा. त्याने तिसरा मागितला तेव्हा शिल्लक नव्हता. पुण्याचं पाकीट संध्याकाळी मनीषाने गाडीत परत नेलं.

फुईचं घर बंद आहे. किल्ली इंदूमायकडे असते. सूप खुंटीला आहे, आणि इंदूमाय ते गव्हासाठी नेते. तांब्या मी आणला, त्याने पाणी पिते. चिमटा तिच्या मागच्या अंगणातल्या तारेवर आहे, त्यात फुईचं एक फडकं अडकवलेलं तसंच आहे. माझं खापर माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली पालथं आहे. त्याच्या पाठीवर मधोमध तळहाताएवढी काळी जागा झाली आहे.